चौक बाहेर आला: जुन्या कॉलनीतली घरं कशी ओळखायची

पुण्यात प्रभात रोडच्या गल्ल्यांमधून किंवा मुंबईत शिवाजी पार्कच्या आतल्या रस्त्यांवरून कुणाला सोबत घेऊन फिरलं, की एक प्रश्न हमखास येतो. जुन्या बंगल्यासमोर पावलं रेंगाळतात आणि सोबतचा माणूस विचारतो, "हे घर किती जुनं असेल हो?" त्यावर "इंग्रजांच्या काळातलं असेल" हे ठरलेलं उत्तर मिळतं. इंग्रजांचा काळ पुण्यापुरता धरला तरी सव्वाशे वर्षांच्या वर जातो, त्यामुळे या उत्तराने काहीच कळत नाही. आणि ज्या घरांसमोर आपली पावलं रेंगाळतात, त्यातली पुष्कळशी इंग्रज जाताजाता किंवा गेल्यावर बांधलेली असतात. ढोबळमानाने १९३५ ते १९६५ हा त्यांचा काळ.

त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो: "या घरांत असं काय आहे की बघत राहावंसं वाटतं?" पहिल्याचं उत्तर शोधू लागलं की दुसऱ्याचंही अर्धं हाती लागतं. म्हणून या प्रकरणात आपण फाटकाबाहेर उभं राहून घराचं वय काढायला शिकू. आत जायची गरज नाही. 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी कुत्रा गेल्यानंतरही वीस वर्षं तशीच असते, पण खात्री करून घेण्याच्या फंदात पडू नये.

१. उलटा करून घातलेला वाडा

बंगला समजून घ्यायचा तर सुरुवात वाड्यापासून करावी लागते. पेठेतल्या वाड्याची रस्त्याकडची भिंत जाड, खिडक्या लहान आणि दार भक्कम. देवडी ओलांडून आत गेलं की मध्ये चौक. उजेड, वारा, पाऊस, तुळस, वाळवणं, मुलांचा खेळ, सगळं त्या चौकात. शेजारच्या वाड्याची भिंत आपल्या भिंतीला चिकटलेली. म्हणजे घराची मोकळी जागा मधोमध आणि भिंती प्लॉटच्या कडेला.

आता कोट उलटा करून घातल्याची कल्पना करा. अस्तर बाहेर येतं आणि बाहेरचं कापड आत जातं. बंगला म्हणजे तसा उलटा केलेला वाडा. भिंती मध्यभागी सरकल्या आणि मोकळी जागा चहूबाजूंना गेली. चौक बाहेर आला आणि त्याचं नाव 'कंपाऊंड' झालं.

ही उलटापालट हौसेपोटी झाली नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी त्याने पुण्यात हाहाकार केला. दाट वस्ती आणि अंधाऱ्या, कोंदट खोल्या यांवर बोट ठेवलं गेलं. मुंबईत १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याच्या बाजूला रुंद रस्ते, प्लॉट, बागा अशी आखणी सुरू केली. पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी त्यातूनच उभ्या राहिल्या. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. पुण्यात नदीपलीकडे १९०६ साली डेक्कन जिमखाना हा क्रीडासंस्थेच्या रूपात सुरू झाला आणि पुढे त्याच्या आसपास घरं वाढत गेली. या सगळ्या नव्या वस्त्यांचा मुख्य नियम एकच होता: घराभोवती चारही बाजूंनी अंतर सोडा.

सोयीचे आकडे घेऊन एक हिशोब करू. प्लॉट ६० फूट रुंद आणि ८० फूट खोल, म्हणजे ४८०० चौरस फूट. त्यावर वाडा बांधला आणि मध्ये २० बाय २० चा चौक ठेवला, तर मोकळी जागा ४०० चौरस फूट. त्याच प्लॉटवर पुढे १५ आणि उरलेल्या तीन बाजूंना १०-१० फूट सोडून बंगला बांधला, तर तळमजला ४० बाय ५५, म्हणजे २२०० चौरस फुटांचा होतो. उरले २६००. मोकळी जागा साडेसहा पट झाली!

पण ती वाड्यातल्या चौकासारखी राहिली नाही. चौकातली ४०० फूट जागा पूर्णपणे घराची होती. तिथे बायका निवांत केस वाळवत बसू शकत. कंपाऊंडची २६०० फूट जागा रस्त्यावरून दिसणारी. त्यामुळे या घरांना पुढच्या बाजूला लोकांसाठी व्हरांडा आला आणि मागच्या बाजूला घरच्यांसाठी परस राहिलं. पुढे बोगनवेल, मागे कढीपत्ता. कुंपणाची मूळ भिंत शिल्लक असेल तर तीही बघा. ती बहुधा छातीइतकीच उंच असते, कारण तिचं काम हद्द दाखवणं एवढंच होतं. तिच्यावर नंतर चढवलेले पत्रे आणि काचांचे तुकडे वेगळे ओळखू येतात.

२. कोपऱ्यातली खिडकी

आता मान वर करा. छप्पर उतरतं आणि मंगलोरी कौलांचं असेल, भिंती काळ्या दगडाच्या किंवा विटांच्या असतील, खिडकीच्या डोक्यावर कमान असेल, तर घर बहुधा आपल्या काळाच्या आधीचं, किंवा जुन्या पद्धतीला धरून बांधलेलं. छप्पर सपाट असेल, सज्जा भिंतीतून खांबाशिवाय बाहेर आला असेल, तर तिथे काँक्रीट आलं आहे.

काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी. ते दाबाला अतिशय कणखर असतं आणि ताणाला अगदी कच्चं. हे समजायला जाड खोडरबर घ्या आणि दोन टोकं धरून मध्ये खाली वाकवा. वरची बाजू दबते, खालची ताणली जाते. खालच्या बाजूला आधीच चीर असेल तर ती उघडते. स्लॅबचंही असंच होतं. म्हणून ताण पडतो तिथे पोलादी सळया घालायच्या. दाब काँक्रीटने सोसायचा आणि ताण सळईने. आर.सी.सी. ती हीच.

खोलीवरच्या स्लॅबमध्ये मुख्य सळया खालच्या अंगाला असतात. भिंतीतून बाहेर आलेल्या सज्जात मात्र त्या वरच्या अंगाला लागतात. हात आडवा लांब करून तळव्यावर भरलेलं ताट धरा, मग कारण कळेल: तुमचा खांदा वरून ओढला जातो. सेंट्रिंगवर वावरणाऱ्यांच्या पायाखाली या वरच्या सळया दबून खाली गेल्या, तर सज्जा दिसायला ठीक दिसतो आणि काही वर्षांनी भिंतीजवळ वरच्या बाजूने तडकतो. जुन्या घरांच्या बाल्कनीखाली नंतर दिलेले लोखंडी टेकू दिसतात, त्यांमागे कधी कधी ही कहाणी असते.

दगडविटांच्या घरात भिंतीच भार वाहतात, आणि कोपरा हा त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. तिथे भोक पाडायचं धाडस कुणी करत नसे. काँक्रीटच्या तुळया आल्यावर कोपरा मोकळा करता येऊ लागला. दोन भिंती जिथे मिळतात नेमकी तिथेच, मध्ये खांब न ठेवता, एल आकाराची खिडकी. ती दिसली की खुशाल म्हणा, घर १९३० च्या नंतरचं. वय सांगणारी इतकी सोपी खूण दुसरी नाही.

हे सगळं त्याच काळात का झालं? सिमेंट मिळू लागलं म्हणून. १९३६ साली देशातल्या दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. झाली. सिमेंट खपवायचं तर लोकांना सिमेंटचं घर हवंसं वाटायला पाहिजे. १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरलं, ते भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने भरवलं होतं. आधुनिक घर कसं असावं हे तिथे बघता येत होतं.

आता त्या गोलाईंविषयी. गोल वळणाचा सज्जा, जहाजावर असावी तशी वाटोळी खिडकी, नळ्यांचे आडवे कठडे, भिंतीवर ओढलेल्या आडव्या पट्ट्या. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. १९२५ च्या पॅरिसमधल्या एका प्रदर्शनावरून हे नाव नंतर पडलं. आगबोट, विमान, मोटार ही त्या पिढीची वेगाची स्वप्नं होती, आणि घरालाही तो वेग दिसावा ही हौस होती. दगडात गोल सज्जा घडवायचा म्हणजे पाथरवटाचे महिने जायचे. काँक्रीटला मात्र साचा गोल केला की झालं. जिलबी आणि शंकरपाळ्यातला फरक म्हणा हवं तर: एक ओतून होते, दुसरा कापून. मरीन ड्राइव्हवरचा १९३७ चा 'सूना महल' जी. बी. म्हात्रे यांचा. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांतही त्यांच्या इमारती आहेत, आणि माझ्या मते त्या जास्त बघण्यासारख्या आहेत. मरीन ड्राइव्हवर समुद्र निम्मं काम करतो. दादरच्या गल्लीत ते सगळं वास्तुविशारदालाच करावं लागतं. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या परिसरातल्या आर्ट डेको इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. माटुंग्याच्या जिन्यांना तो मान नाही, पण ते आतून नक्की बघा.

३. छज्जाचं गणित

खिडकीच्या डोक्यावर दोन-अडीच फूट पुढे आलेली काँक्रीटची पातळ फळी म्हणजे छज्जा. पावसासाठी तो असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. उन्हाचं त्याचं काम मात्र जास्त हुशारीचं आहे.

पुणे विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे साडेअठरा अंशांवर आहे. त्यामुळे मध्यान्हीचा सूर्य डिसेंबरअखेर दक्षिणेला ४८ अंश उंचीवर असतो आणि मार्चच्या २१ तारखेला साडेएकाहत्तर अंशांवर. दक्षिणेकडे एक खिडकी आहे, चार फूट उंच, आणि तिच्या लगेच वर दोन फुटांचा छज्जा. डिसेंबरात छज्जाची सावली साधारण सव्वादोन फूट खाली उतरते. म्हणजे खिडकीच्या खालच्या पावणेदोन फुटांतून ऊन घरात येतं. मार्चअखेर तीच सावली सहा फूट खाली जाते आणि अख्खी खिडकी सावलीत राहते. ऊन हवंसं असतं तेव्हा ते आत आणि नकोसं होतं तेव्हा बाहेर. कुणाला पडदा ओढायला उठावं लागत नाही.

पश्चिमेला हे गणित कोसळतं. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर असतो. दोन फुटी छज्जाची सावली फुटभर उतरते आणि खिडकीचे उरलेले तीन फूट उन्हात भाजतात. म्हणून चांगल्या जुन्या बंगल्याची पश्चिम बाजू बघा. तिथे न्हाणीघर असेल, जिना असेल, कोठीची खोली असेल, किंवा सरळ एक आंबा असेल. पश्चिमेला मोठी काच लावलेलं घर दिसलं, तर ते वीज आणि एसी यांच्या भरवशावर बांधलं आहे असं समजावं.

मेच्या मध्याला एक दिवस असा येतो की पुण्यात मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तेव्हा छज्जाची सावली भिंतीवरून पार खाली उतरते. साडेबाराच्या उन्हात भांडारकर रस्त्यावर उभं राहून हे बघणारा माणूस लोकांना वेडा वाटेल, तरी एकदा बघाच.

छज्जाच्या वर, छताजवळ, छोट्या झडपा किंवा जाळीची भोकं दिसतील. तापलेली हवा वर चढते, तिला जायला ती वाट. दहा-अकरा फुटी छत आणि या झडपा असल्या की पंखा बंद असतानाही खोली सुसह्य राहते. पुढे छतं खाली आली, झडपा बुजल्या आणि पंखा अंगाजवळ आला.

४. पायाखाली

व्हरांडा रस्त्यावरून दिसतो, त्यामुळे फरशीही दिसते. शहाबादी फरशी सगळ्याच काळात आहे, तिच्यावरून काही ठरवू नका. रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या असतील, सतरंजीसारखी किनार आणि मध्ये फुलं, तर घर साधारण पन्नास सालाच्या आतलं धरायला हरकत नाही. पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या चिपांची गुळगुळीत मोझॅक असेल तर त्या आसपासचं किंवा पुढचं. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे मिसळून ओतायचे आणि घट्ट झाल्यावर दगडाने घासत राहायचं. घासून वरचा थर गेला की तुकडे कापलेल्या कलिंगडातल्या बियांसारखे दिसू लागतात. तिच्यावर सांडलेला चहा आठवडाभर सापडत नाही, हा तिचा गुण गृहिणींनी फार आधी ओळखला होता.

५. नकाशा कुणी काढला, आणि मागचं दार कुणासाठी

या सगळ्या बंगल्यांना नामवंत वास्तुविशारद लाभले असं नाही. पुष्कळदा ओव्हरसियर, कंत्राटदार आणि घरमालक मिळूनच नकाशा ठरवत, आणि त्यांच्यापुढे छापील पुस्तकं असत. आर. एस. देशपांडे या अभियंत्याचं 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया' हे १९३९ चं. त्यांच्या पुस्तकांत मध्यमवर्गीयांना पेलतील असे नकाशे, मोजमापं, हवा-उजेडाचे सल्ले होते. पाककृतीच्या पुस्तकासारखाच त्यांचा वापर झाला असणार: मूळ कृती घ्यायची आणि आपल्या घरच्या चवीने बदलायची. म्हणूनच एका रस्त्यावरचे चार बंगले चुलतभावांसारखे दिसतात.

त्या काळी घरातल्या खोल्यांनीही आपापल्या जागा बदलल्या. माजघर गेलं. दिवाणखान्याला लागून 'ऑफिसची खोली' आली, वकील-डॉक्टर मालकाचे पक्षकार आणि रुग्ण थेट तिथे यावेत म्हणून तिला वेगळं दार. बऱ्याच बंगल्यांच्या पुढच्या बाजूला अशी दोन दारं दिसतात, ती यासाठी. स्वयंपाकघरात जमिनीवरची चूल उठून ओट्यावर गेली आणि बाई उभ्याने स्वयंपाक करू लागली. माझ्या मते त्या अर्धशतकातला घरातला सगळ्यात मोठा बदल हा आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही.

पुस्तकांसाठीच बांधलेलं एक घर मुंबईत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला हिंदू कॉलनीत बांधलेलं 'राजगृह'. ग्रंथसंग्रहाला जागा हवी, ही त्या नकाशामागची मुख्य गरज होती.

आता बंगल्याच्या मागे या. जुन्या घरांत संडास मूळ इमारतीपासून तुटक, परसाच्या टोकाला असे, आणि त्याला मागच्या बोळातून एक बुटकं दार. मैला डोक्यावर वाहून नेणाऱ्या माणसाने पुढच्या फाटकातून येऊ नये यासाठी ते दार होतं. ड्रेनेज आलं, संडास घरात गेला आणि बुटकी दारं विटांनी बुजवली गेली. बुजवलेल्या चौकटीचा आकार गिलाव्याखाली अजून कुठे कुठे कळतो. पुढच्या सज्जाचं कौतुक करणाऱ्याने हीसुद्धा बघावी. त्याच वास्तूची ती खूण आहे आणि तेवढ्याच विचारपूर्वक काढलेली आहे.

६. एकसष्टनंतर

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठा व डेक्कनचा सखल भाग पाण्याखाली गेला. मातीच्या भिंतींचे वाडे भिजून बसले. वाडा ही राहायची रीत आधीच थकली होती, त्या दिवसानंतर ती झपाट्याने मागे पडली. सहकारनगरसारख्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. तिथली घरं डेक्कनच्या घरांहून साधी आहेत. गोलाई गेली, सरळ रेघ आली. सिमेंटच्या ठोकळ्यांची जाळी, भिंतीतून बाहेर आलेल्या उभ्या पट्ट्या, पातळ सपाट छप्पर. चंदीगड आणि अहमदाबादेत ल कॉर्ब्युझिएने पन्नाशीच्या दशकात जे उभं केलं, त्याची दूरची पडछाया या जाळ्यांवर आहे. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळे. ते नियंत्रण १९८२ मध्ये सैल झालं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. त्यामुळे साठ-सत्तरच्या घरांत जो काटेकोरपणा दिसतो तो थोडा आवडीचा आणि बराचसा नाइलाजाचा.

मग शेवटचा प्रश्न: ही घरं का जातात? मुंबईत भाडेकरू असलेल्या इमारतींचं कारण एका कायद्यात सापडतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. भाड्यातून रंगही निघेना, मग डागडुजी कशी होणार? पुण्यातल्या मालकीच्या बंगल्यांचं कारण आपल्या त्याच प्लॉटच्या हिशोबात आहे. ४८०० चौरस फुटांवर दोन मजली बंगला, म्हणजे ४४०० चौरस फूट बांधकाम. वारस तीन. समजा नियमाने प्लॉटच्या दुप्पट, म्हणजे ९६०० चौरस फूट बांधता येतं. बिल्डर तिघांना दीड-दीड हजारांचे फ्लॅट देतो, एकूण ४५००. उरलेले ५१०० तो विकतो. वारसांना जवळपास होती तेवढीच जागा मिळते, नवी, लिफ्टसकट, खिशातून दमडी न काढता. गळकी गच्ची, वाळवी लागलेल्या चौकटी आणि तिघांत एक स्वयंपाकघर, यांच्या समोर हा कागद ठेवला की सही होते. त्यांना नावं ठेवणं फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला सोपं असतं.

या हिशोबात ते २६०० फूट कुठे गेले? नव्या इमारतीचा तळमजला बघा. खांबांवर उभी इमारत, खाली पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेले चौकोन, त्यांत गाड्या. वाड्यातून बाहेर आलेला चौक, बंगल्याभोवतीचं कंपाऊंड, ते हेच. फाटकाचा एक जुना दगडी खांब बऱ्याचदा ठेवलेला असतो, कारण त्यावर संगमरवरात घराचं नाव कोरलेलं असतं आणि नव्या सोसायटीनेही तेच नाव घेतलेलं असतं. नावाखाली कधी कधी लहान अक्षरांत सालही असतं. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आयतंच मिळतं, फक्त घर तेवढं नसतं.